चरबी दाखवणारा वजनकाटा: आठ महिने वापरून एका शिंप्याने लिहिलेलं

मी गोव्यातल्या फोंड्यात वरच्या बाजारात शिवणकाम करतो. शर्ट, फुलपँट, लग्नसराईत सफारी, आणि जत्रांच्या दिवसांत गावोगावच्या नाटकवाल्यांचे अंगरखे. गळ्यात फीत अडकवून तीस वर्षं झाली. माणसाचं माप घेणाऱ्या वस्तूवर चार शब्द लिहायला एवढं पुरे.

काटा जानेवारीत मागवला. १,४९९ रुपये, घरपोच. कंपनीचं नाव घालत नाही, कारण मेव्हण्याकडे दुसऱ्या कंपनीचा आहे, तो उलटासुलटा करून पाहिला तर स्टिकर सोडून दोन्ही जुळी भावंडं. वर जाड काच, काचेवर चार चकचकीत पत्रे, खाली चार पाय, पोटात तीन बारीक सेल. अनवाणी उभं राहायचं. वजन दिसतं, मग दोनचार सेकंद काहीतरी फिरत राहतं आणि मोबाइलवर तेरा आकडे येऊन पडतात. चरबी किती टक्के, पाणी किती, स्नायू किती, हाडं किती, 'शरीराचं वय' किती आणि पोटाच्या आतल्या चरबीचा एक अंक.

मला हवा होता तो चरबीचाच आकडा. त्याचं कारण डिसेंबरात घडलं. आमच्या वाड्यावर देवळाच्या मंडपात रक्ततपासणीचं शिबिर होतं. शेजारी गेले म्हणून मीही गेलो. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी जी एचबीएवनसी म्हणतात, ती ६.१ निघाली. आरोग्य केंद्रातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची. म्हणाली, "मास्टर, ५.७ च्या खाली असती तर मी तुम्हाला अडवलं नसतं. ६.५ पासून मधुमेह म्हणतात. तुम्ही मध्ये, उंबऱ्यावर बसलाय."

मी म्हटलं, "डॉक्टर, मी उणापुरा ६८ किलो. हातपाय बघा माझे, नुसत्या सुया."

तिचं हातापायांकडे लक्षच नव्हतं. ती माझ्या शर्टाच्या खालून दुसऱ्या बटणाकडे बघत होती. तिथे कापड ताणून काजाच्या दोन्ही बाजूंना आडव्या चुण्या पडल्या होत्या. शर्ट मीच शिवलेला. दुसऱ्या कुणाच्या अंगावर असा दिसता तर म्हटलं असतं, आणा इकडे, शिवणी उसवून अर्धा इंच सोडतो.

गोव्यात साखर हे नवल राहिलेलं नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मद्रासच्या मधुमेह संस्थेबरोबर देशभर जी पाहणी केली, तिचे आकडे २०२३ साली आले. अख्ख्या देशात प्रौढांमध्ये मधुमेह ११.४ टक्के, आणि गोव्यात २६.४ टक्के. सगळ्या राज्यांत पहिला नंबर. मुलीने वाचून दाखवलं तेव्हा मी दुकानासमोरच्या बाकावर चहा पीत बसलेल्या चौघांकडे बघितलं. तिघांना आधीच आहे. चौथा मी होतो. माझ्या बाबांनीही शेवटची नऊ वर्षं इन्सुलिनवर काढली.

तर काटा.

पहिल्या दिवशी वजन ६८.४, चरबी २८.९ टक्के, आणि माझ्या उंचीला, म्हणजे १६८ सेंटिमीटरला, वजनाचं जे गुणोत्तर काढतात ते बीएमआय २४.२. त्यापुढे हिरवा गोल आणि 'उत्तम'. मी बायकोला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "मग डॉक्टर काय खोटं बोलली?" डॉक्टर खोटं बोलली नव्हती. अ‍ॅपवाल्याने गोऱ्यांची मोजपट्टी लावली होती. तिथे २५ पर्यंत सगळं हिरवं. आपल्याकडचे डॉक्टर भारतीय माणसाला २३ पासूनच वजन जास्त धरतात आणि २५ ला लठ्ठ, कारण आपल्या अंगावर त्याच वजनात चरबी जास्त आणि ती पोटावर. काटा भारतात विकायचा, अ‍ॅपमध्ये तिरंगा लावून दिवाळीच्या शुभेच्छा पाठवायच्या आणि माप मात्र परक्याचं ठेवायचं. आखूड बाह्यांच्या माणसाला लांब बाह्यांचा तयार शर्ट विकण्यातला हा प्रकार. या एका गोष्टीसाठी मी सरळ एक तारा कापतोय. माझ्यासारखा दुसरा कोणी तो हिरवा गोल बघून तपासणीला गेलाच नाही तर?

आता यंत्राविषयी. हा काटा चरबी थेट मोजत नाही, हे कळायला मला तीन आठवडे लागले. तो एका पायाखालच्या पत्र्यातून अगदी बारीक वीज सोडतो, ती दुसऱ्या पायातून परत येते. पाणी आणि स्नायू विजेला वाट देतात, चरबी अडवते. किती अडलं एवढंच त्याला कळतं. पुढचं गणित तुम्ही भरलेली उंची, वय, पुरुष की बाई, आणि वजन यांवर चालतं. शिवाय वीज जवळची वाट धरते. एका पायातून वर, दुसऱ्यातून खाली. ज्या पोटाची आपल्याला काळजी, ते जवळजवळ वाटेबाहेरच राहतं. त्यामुळे 'आतली चरबी ११' असा जो अंक येतो तो आत डोकावून काढलेला नाही. वय, वजन आणि पायांवरून बांधलेला तर्क आहे.

खात्री करायची म्हणून एका रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो. आधी तसाच उभा राहिलो, २८.७ टक्के. मग उकड्या तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी छातीशी धरून उभा राहिलो. वजन नेमकं पाच किलोने वाढलं, म्हणजे वजनाच्या बाबतीत काटा चोख. पण चरबी थेट ३२ च्या वर गेली. पिशवीतले तांदूळ त्याने माझ्या अंगात जमा केले! मग अ‍ॅपमध्ये वय ५२ चं ३५ केलं. तोच देह, तीच दुपार, दीड टक्का चरबी गायब. मग तळवे ओल्या फडक्याने पुसून उभा राहिलो, पुन्हा आकडा हलला. संध्याकाळी फिरून घामाघूम आल्यावर वेगळा, रात्री शीत-हुमण, म्हणजे भात आणि माशांची आमटी, पोटभर जेवल्यावर वेगळा. मुलगी बांबोळीला नर्सिंग शिकते. ती म्हणाली, "बाबा, रोज एकाच वेळी मोजा. सकाळी उठून, लघवीला जाऊन आल्यावर, काही न पिता. आणि एका दिवसाचा आकडा सोडून द्या, महिन्याची रेघ बघा." तसं केल्यावर मात्र काटा शहाण्यासारखा वागू लागला. त्याच्या २८.९ वर माझा विश्वास नाही, पण २८.९ पासून तो खाली येतोय की वर जातोय, त्यावर आहे.

घरातली जमीन हाही एक विषय. आमचं घर चिऱ्याचं, जुनं, जमीन लाल सिमेंटची आणि मोरीकडे उतरती. स्वयंपाकघरात आणि ओसरीवर सव्वा किलोचा फरक. शेवटी काटा दुकानात नेला, कटिंगच्या टेबलाखाली लादी सपाट आहे तिथे ठेवला, आणि सकाळी घरून काही न पिता तिथे जाऊन मोजायचं ठरवलं. जुलैच्या पावसात ब्लूटूथ तीनदा रुसलं. अ‍ॅप नोंदणीला मोबाइल नंबर मागतं आणि दुसऱ्या दिवसापासून प्रथिनांच्या डब्यांच्या जाहिराती सुरू. ग्राहक सेवेला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं. या सगळ्याचा मिळून अर्धा तारा.

काटा शिकवू शकला नाही ते मला माझ्याच फितीने शिकवलं, आणि त्यात माझ्या धंद्यातली एक चूक उघडी पडली.

आम्ही पँटसाठी जी 'कंबर' घेतो ती माणूस पट्टा जिथे बांधतो तिथली. पोट सुटलं की माणूस पट्टा पोटाखाली सरकवतो. तिथे हाड आहे, तिथे माप फारसं वाढत नाही. माझ्या वहीत असे कितीतरी आहेत ज्यांची कंबर पंधरा वर्षं ३४ ची ३४ आहे आणि दर वेळी शर्टाचा घेर मात्र अर्धा इंच जास्त लागतो. ते बायकोला सांगतात, माझी कंबर कॉलेजातली आहे, मास्टरला विचार. आणि मी मान हलवतो. डॉक्टरी कंबर ती नव्हे. बरगड्यांचं शेवटचं हाड बोटाने चाचपायचं, खुब्याच्या हाडाचा वरचा काठ चाचपायचा, दोन्हींच्या मधोमध फीत लावायची. श्वास साधा सोडून, पोट आत न ओढता. फीत अंगाला टेकलेली, रुतलेली नाही, आणि पाठीमागे खाली घसरलेली नाही. आरशात बाजूने बघितलं की घसरलेली कळते. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८० च्या वर गेली की धोका वाढतो. आणखी एक सोपा हिशोब म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. माझी उंची १६८, म्हणजे ८४ ची मर्यादा. पँटची कंबर मी स्वतः ३३ इंच शिवतो, म्हणजे ८४ च! पण फीत वर योग्य जागी लावली तर ९६ सेंटिमीटर. बारा सेंटिमीटरची लबाडी मी स्वतःच्याच पँटमध्ये शिवत होतो.

आणखी एक. वहीत माझं लग्नाच्या वेळचं माप आहे, १९९९ सालचं: कंबर २९, मांडी २२ इंच. आता मांडी १९. वरची मापं वाढली आणि मांडी बारीक झाली. डॉक्टर म्हणाली, मांडीतला स्नायू जेवणानंतरची साखर ओढून घेणारं मोठं कोठार आहे, ते लहान झालं तर साखर रक्तात रेंगाळते. बारा वर्षांपूर्वी मी पाय-मशीनला मोटर बसवली. दिवसाचे सात-आठ तास पाय चालायचे ते थांबले. मोटर बसवणाऱ्याला मी त्या दिवशी खूश होऊन वर पन्नास रुपये दिले होते.

आपल्यासारख्या किरकोळ माणसांना हे का होतं, यावर मुलीने मला एक छायाचित्र दाखवलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. मोठ्या क्ष-किरण यंत्रावर मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दुप्पट ओलांडून! मी ते चित्र बराच वेळ बघत बसलो. मापाच्या वहीत दोघांची ओळ एकसारखी आली असती.

मला जे समजलं ते असं. कातडीखालची चरबी म्हणजे घरातलं कपाट. ज्याचं कपाट मोठं त्याचं सामान आत मावतं, दिसायला तो जाडा दिसेल पण घर नीट. आपली कपाटं छोटी. ती भरली की कपडे खुर्चीवर, मशीनवर, जमिनीवर. अंगात ती जमीन म्हणजे यकृत, स्वादुपिंड आणि आतड्यांभोवतीची जागा. यकृत रात्री रक्तात साखर सोडत असतं आणि इन्सुलिन त्याला 'पुरे' म्हणतं. चरबीने भरलेलं यकृत ते ऐकेनासं होतं. म्हणून रात्री काही न खाताही सकाळची साखर चढलेली. स्वादुपिंड बिचारं आणखी इन्सुलिन ओततं, काही वर्षं निभावतं, मग थकतं. न्यूकॅसलचे डॉ. रॉय टेलर तर म्हणतात की चरबी साठवायची प्रत्येकाची स्वतःची मर्यादा वेगळी, बीएमआय कितीही असो. याचा अर्थ प्रत्येक जाड्याला मधुमेह होतो असा नाही. आणि बाईच्या मांडी-नितंबांवरची चरबी पोटाएवढी त्रासदायक नसते, हे ऐकून आमच्या गल्लीतल्या ब्लाउजवालीने माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

मी केलं ते फार नाही. दुकानातला सहा वेळचा चहा बिनसाखरेचा. दोन आठवडे तो औषधासारखा लागला, आता साखरेचा तोंडात धरवत नाही. दुपारी शिताचा डोंगर निम्मा, बांगडा आहे तेवढाच, भाजी दुप्पट. संध्याकाळी पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल वाजली की मी पाव घ्यायचो दोन, आता एक पोळी, म्हणजे त्याच्याकडचाच कोंड्याचा पाव. आणि पहाटे फर्मागुडीचा चढ. पहिल्या आठवड्यात वर पोहोचेपर्यंत तीनदा थांबलो, त्यातल्या एकदा कदंबाची बस यायची वाट बघत असल्याचं सोंग केलं. एका मशीनची मोटरही काढून टाकली, लहानसहान अल्टरची कामं आता पायाने करतो. पोरगा हसतो.

मध्ये एप्रिल-मेचा महिना आला. काटा ६६.१ वर अडकला तो सहा आठवडे हलला नाही. लग्नसराई, काजू-फणस, कोणाकोणाच्या घरी गोड मणगणं. मी वैतागून काटा भिंतीला उभा करून ठेवला. तेव्हा मुलीने चेन्नईच्या अभ्यासाचं सांगितलं, २००६ चा. उंबऱ्यावर बसलेल्या भारतीयांना आहार-व्यायामाला लावलं तर मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी उतरला, आणि गंमत म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं. अमेरिकेतल्या २००२ च्या अभ्यासात वजन सात टक्के उतरवायचं ध्येय ठेवलं होतं, आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं होतं, आणि धोका ५८ टक्क्यांनी कमी झाला. म्हणजे वजन उतरलं तर छानच, पण काटा अडला म्हणून चालणं सोडायचं कारण नाही. त्या सहा आठवड्यांत फीत मात्र दोन सेंटिमीटर आत आली होती. फीत नसती तर मी मेमध्येच सोडून दिलं असतं, हे नक्की.

ऑगस्टमध्ये, गणेशचवथीआधी, सगळं मोजलं. वजन ६४.६. काट्याची चरबी २५.४ टक्के. 'आतली चरबी' ११ वरून ९. कंबर, डॉक्टरी जागेवरची, ८९. एचबीएवनसी ५.८. डॉक्टर म्हणाली, उंबरा अजून ओलांडून मागे आला नाहीत, पण पाय मागे टाकलाय. दर सहा महिन्यांनी तपासायचं. मांडी १९ वरून १९ आणि पाव इंच झाली, हे मी तिला सांगितलं नाही, तिला त्याची किंमत कळली नसती.

विकत घ्यावा का? ज्याला रोज आकडा बघितल्याशिवाय चालायला बाहेर पडवत नाही त्याने घ्यावा. वजन चोख आहे, काच अजून तशीच आहे, आणि महिन्याच्या रेघेला खोट नाही. ज्याच्या छातीत पेसमेकर आहे त्याने यावर उभं राहू नये, वीज कितीही बारीक असली तरी. गरोदर असलेल्या सुनेला, लेकीलाही चढवू नये. पुस्तिकेत हे लिहिलंय, पण इतक्या बारीक अक्षरांत की मी सुईत दोरा ओवायची भिंगं लावून वाचलं. आणि ज्याने एकदाही रक्त तपासलेलं नाही त्याने हे १,४९९ रुपये आधी तिकडे वापरावेत, उरलेल्यात फीत येते. साधी कापडी घेऊ नका, ती वापरून ताणते आणि वर्षाने कंबर फुकटची बारीक दाखवते. प्लॅस्टिकसारखी न ताणणारी मिळते, वीस-तीस रुपयांत. पाचपैकी साडेतीन तारे काट्याला.

फितीचा एक फायदा दुकानातही झाला. आता कोणी पँटला आला की मी गप्प राहून दोन मापं घेतो, एक पट्ट्याची आणि एक वरची. वरची वहीत पेन्सिलने लिहितो. विचारलं तरच सांगतो. चौघांनी विचारलं. त्यातल्या एकाने रक्त तपासून घेतलं. दुसरा म्हणाला, मास्टर, तुम्ही पँट शिवा.

काटा सध्या बंद आहे. चवथीच्या आधी नेवऱ्या तळायला घेतल्या त्या दिवशी घरी आणला होता, दुसऱ्या सकाळी उभा राहिलो तर काचेवर काहीच उमटेना. उलटा करून पाहिला तर सेलच्या खोबणी रिकाम्या. बायको गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या दोऱ्या बांधत होती, तिने वर बघितलं नाही. मीही विचारलं नाही. दिव्यांच्या माळेचा रिमोट मात्र त्या दिवसापासून अगदी छान चालतोय.